सारख्याच आवाजाचे दोन अर्थ

२०२० च्या जुलै महिन्यात केंद्रातल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाला त्याचे जुने नाव परत देण्याचा निर्णय झाला. १९८५ पर्यंत ते ज्या नावाने ओळखले जाई तेच हे नाव, हिंदीत 'शिक्षा मंत्रालय'. दिल्लीत नुकताच आलेला मराठी माणूस ही पाटी वाचतो आणि थबकतो. लिपी त्याचीच आहे, शब्दही लहानपणापासूनच्या ओळखीचा आहे. पण त्याच्या घरी शिक्षा भोगावी लागते, आणि शाळेत मिळते ते शिक्षण. इथे पाटी लिहिणारा चुकलेला नाही आणि वाचणाराही नाही. शब्द दोघांचा आहे आणि दोघांनाही तो पुरेपूर कळलेला आहे.

अशा प्रकाराला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न हिंदी-मराठीतल्या अशा शब्दांचा हा संग्रह करताना पहिल्यापासून सोबत होता. 'गैरसमज' म्हटले की दोष ऐकणाऱ्याच्या पदरी पडतो. 'संदिग्ध' म्हटले की बोलणारा नीट बोलला नाही असे सुचते. 'श्लेष' म्हणावा तर ती कवीची जाणूनबुजून केलेली कारागिरी. हे तिन्ही शब्द आपापल्या जागी चोख आहेत, पण त्यांच्या मधोमध जी जागा उरते तिला नाव नाही. स्पॅनिशमध्ये ते आहे. त्या भाषेत या गोष्टीला 'एकीवोको' म्हणतात. उच्चारात जोर 'की'वर.

शब्द लॅटिनमधून आला. 'एक्वुस' म्हणजे सम, सारखा. 'वोक्स' म्हणजे आवाज, वाणी. आपल्या 'वाक्'चे आणि त्या 'वोक्स'चे मूळ एकच असल्याने संस्कृतात त्याचे रूप जवळजवळ 'समवाक्' असे होईल. सुरुवातीच्या 'एकी'चा मात्र आपल्या 'एक'शी काही संबंध नाही, आणि कानाला तो जाणवतो हाच या संग्रहाच्या विषयाचा एक नमुना म्हणायचा. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात एकच नाव असलेल्या पण वेगळ्या असलेल्या वस्तूंची चर्चा आरंभीच येते. बोएथियसने सहाव्या शतकात तो ग्रंथ लॅटिनमध्ये आणला तेव्हा अशा वस्तूंसाठी हाच शब्द वापरला.

आजच्या स्पॅनिशमध्ये तो विशेषण म्हणून येतो तेव्हा अर्थ होतो 'दोन्हीकडे लागू पडणारा'. उत्तर तसे असू शकते, वागणूकही तशी असू शकते. नाम म्हणून येतो तेव्हा त्यातून उपजलेली गफलत. एखादे वाक्य 'एकीवोकोला जागा देते' असे म्हणतात, आणि ज्यात अशी जागाच नाही ते 'इनेकीवोको', म्हणजे आपल्याकडचे निःसंदिग्ध. जवळच्या शब्दांपासून तो वेगळा ओळखला पाहिजे. 'मालेन्तेन्दीदो' म्हणजे शब्दशः चुकीचे समजलेले. तो परिणाम झाला. 'एकिवोकासिओन' ही कुणाची तरी चूक. चुकीचा नंबर लावून फोन केला की पलीकडचा याच कुळातले क्रियापद वापरून 'तुम्ही चुकलात' असे सांगतो. एकीवोको मात्र शब्दातच बसलेला असतो, कुणी चुकण्याआधीपासून. शिवाय स्पॅनिश साहित्यात शब्दखेळालाही हेच नाव आहे. बाल्तासार ग्रासियानने १६४८ च्या आपल्या ग्रंथात चतुर एकीवोकोंवर वेगळे प्रकरण लिहिले आहे.

म्हणजे प्रामाणिक गफलत, मुद्दाम दिलेली हुलकावणी आणि श्लेष या तिघांना स्पॅनिश एकाच छताखाली ठेवते. आपण त्यांना तीन वेगळ्या घरांत ठेवले. मला स्पॅनिशची मांडणी अधिक खरी वाटते, कारण तिघांचे यंत्र एकच आहे. आवाज सारखा, अर्थ दोन, आणि दोन्ही अर्थांचे वजन सारखे. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात राहणाऱ्या मराठी माणसाला या तिघांचीही उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

प्रामाणिक गफलतीपासून सुरुवात करावी, कारण संग्रहाचा बहुतेक भाग तिनेच व्यापला आहे.

नोएडात किंवा दिल्लीतल्या द्वारकेत घर भाड्याने घेताना 'अनापत्ति प्रमाणपत्र' मागतात. मराठीत आपत्ती म्हणजे संकट. पूर आला, भूकंप झाला की आपत्ती व्यवस्थापन धावते. हिंदीत आपत्ति म्हणजे आक्षेप, तेव्हा हे प्रमाणपत्र म्हणजे आपला ना हरकत दाखला. आता हा आपला शब्द उलट दिशेने पाठवून पाहा. घरमालकाला मराठी माणूस मोठ्या सौजन्याने सांगतो, 'मेरी कोई हरकत नहीं'. हिंदीत हरकत म्हणजे कृती, आणि बहुतेक वेळा आगळीक. 'ऐसी हरकत मत करना' अशी तंबी तिथे देतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल. हिंदीने ती हालचाल वाईट वर्तनाकडे नेली, मराठीने ती कामात आडवी येणाऱ्या अडथळ्याकडे नेली. 'हरकत नाही' हे मराठीतले सगळ्यात मोकळ्या मनाचे वाक्य असेल, आणि यमुनेच्या काठी ते पोहोचत नाही.

तक्रारीचेही तेच. सोसायटीच्या फाटकावर जाऊन कुणी 'मुझे तकरार करनी है' म्हणाले, तर चौकीदाराला ऐकू येते की या माणसाला भांडायचे आहे. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा पुन्हा म्हणणे. हिंदी-उर्दूत त्याची बाचाबाची झाली, मराठीत गाऱ्हाणे. दोन्ही वाटा समजण्यासारख्या आहेत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणण्याचा शेवट या दोहोंपैकी एकात होतोच.

विद्यापीठात गाठ आणखी घट्ट बसते, कारण तिथे एक शब्द नाही तर शब्दांची साखळीच सरकलेली आहे. मराठीत संशोधन म्हणजे नवे ज्ञान मिळवण्याचा उद्योग. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. मराठी संशोधनाला हिंदीत शोध किंवा अनुसंधान म्हणतात. मराठीत शोध म्हणजे हरवलेल्याचा तपास किंवा लागलेला नवा पत्ता, जसा पेनिसिलिनचा. आणि अनुसंधान म्हणजे लागून राहिलेले चित्त, संतांच्या परंपरेतले. पुण्याहून दिल्लीत आलेली विद्यार्थिनी 'मैं संविधान पर संशोधन कर रही हूँ' म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते की ही मुलगी संविधान बदलायला निघाली आहे.

संसदेत तर ही साखळी दोन्ही टोकांनी ओढली जाते. मराठीत बोलताना आपण संविधानाला राज्यघटना म्हणतो, सवयीने नुसते 'घटना'. हिंदीत घटना म्हणजे घडलेला प्रसंग, वर्तमानपत्री भाषेत बहुधा अपघात किंवा गुन्हा. त्यामुळे आपली 'घटनादुरुस्ती' हिंदी कानाला एखाद्या प्रसंगाची डागडुजी वाटते, आणि हिंदीतले 'संविधान संशोधन' मराठी कानाला संविधानाचा अभ्यास वाटते. २०२३ च्या महिला आरक्षणापर्यंत असे १०६ बदल झाले. मराठी वृत्तपत्रांत ती १०६ वी घटनादुरुस्ती होती, हिंदी वृत्तपत्रांत १०६ वाँ संशोधन. लोकसभेत सदस्याला मराठीतून बोलता येते. त्याचे बोलणे दुसऱ्या भाषेत नेणाऱ्या दुभाष्याला हा सांधा काही क्षणांत बदलावा लागतो, तोही शब्द कानाला ओळखीचा वाटत असताना. अनोळखी शब्दापाशी माणूस आपोआप सावध होतो, ओळखीच्या शब्दापाशी होत नाही. या लोकांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणि २६, अलीपूर रोडचा विचार करा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी जिथे महापरिनिर्वाण झाले, ती ही जागा. आता तिथे राष्ट्रीय स्मारक आहे आणि महाराष्ट्रातून लोक ते पाहायला जातात. 'घटनेचे शिल्पकार' ही त्यांच्यासाठीची मराठीतली सर्वांत रुळलेली बिरुदावली. ती जशीच्या तशी हिंदीत ठेवली, 'घटना के शिल्पकार', तर समोरच्याला हा एखाद्या कटाच्या सूत्रधाराविषयी बोलतो आहे असे वाटू शकते. म्हणून तिथे 'संविधान निर्माता' म्हणायचे. संग्रहातल्या सगळ्या नोंदींत ही एक नोंद प्रत्येक मराठी मुलाला दिल्लीला येण्याआधी माहीत असावी असे मला वाटते.

नात्यांचे शब्द सर्वांत नाजूक. मराठी मुलगी शेजारच्या तिशीतल्या बाईंना प्रेमाने 'ताई' म्हणते. दिल्ली-हरियाणात ताई म्हणजे ताऊची बायको, वडिलांच्या थोरल्या भावाची, म्हणजे आपली मोठी काकू. एका हाकेत त्या शेजारणीचे वय पंधरा-वीस वर्षांनी वाढते. 'दादा' म्हटल्याने पंचविशीतला तरुण आजोबा होतो. 'बाई'चा प्रश्न याहून अवघड आहे. सावित्रीबाई, अहिल्याबाई, जिजाबाई यांच्या नावांत बसलेला, मराठी शाळेत गुरूंना लावलेला हा शब्द इथे मुख्यतः घरकाम करणाऱ्या स्त्रीसाठी उरला आहे. तसा वापर मराठी शहरांतही आहे, पण आपल्याकडे दुसरा, मानाचा अर्थ जिवंत असल्याने तोल राहतो. इथे तो तोल नाही. आपल्या शिक्षिकेला दिल्लीच्या शाळेत कुणी 'बाई' म्हटले तर ऐकणाऱ्यांना जे ऐकू येईल, त्याची भरपाई मागाहून स्पष्टीकरण देऊन होत नाही.

या शब्दांची फारकत झाली कशी, याचे एकच उत्तर नाही. संस्कृत आणि फार्सी-अरबी ही दोन कोठारे दोन्ही भाषांना सारखीच खुली होती. प्रत्येकीने तिथून शब्द वेगळ्या काळी आणि वेगळ्या गरजेपोटी उचलला, आणि त्याच्या अनेक अर्थांपैकी एक ठेवून बाकीचे गळू दिले. संस्कृतात 'शिक्षा' हे वेदांगांपैकी एकाचे, उच्चारशास्त्राचे, नाव. मराठीतही शिक्षक, शिक्षित, सुशिक्षित या शब्दांत शिकण्याचा अर्थ शाबूत आहे. फक्त 'शिक्षा' तेवढी छडीच्या वाट्याला गेली. 'यातायात' म्हणजे गेलेले आणि आलेले. हिंदीने त्यातली ये-जा ठेवली म्हणून चौकाचौकांत दिल्ली यातायात पुलिस उभी असते. मराठीने त्या ये-जा करण्यातले कष्ट ठेवले. पुढे शासकीय परिभाषा ठरवून घडवण्याचा काळ आला. महाराष्ट्राने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापले, तर केंद्राचा वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ मध्ये दिल्लीत सुरू झाला. दोघेही संस्कृतकडे गेले आणि आपापले वेगळे शब्द घेऊन परतले.

स्पॅनिश माणसाला हे सांगावे लागत नाही. त्याच्या शेजारी पोर्तुगीज आहे. स्पॅनिशमध्ये जेवण 'एक्सकिसितो' आहे म्हणणे म्हणजे उत्तम दाद. लिस्बनमध्ये त्याचाच भाऊ 'इश्किझितु' म्हणजे विचित्र. भाषा जितक्या जवळच्या तितके एकीवोको जास्त. तमिळ न येणारा मराठी माणूस चेन्नईत विचारत विचारत जातो. हिंदीच्या प्रदेशात त्याला विचारावेसेच वाटत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी या यंत्राचा फार बारकाईने विचार केला होता. 'सैंधव आण' असे धनी म्हणतो. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधुदेशाचा घोडाही. जेवायला बसला असेल तर मीठ आणायचे, प्रवासाला निघाला असेल तर घोडा. याला त्यांनी प्रकरण म्हटले, म्हणजे प्रसंगाचा संदर्भ. भर्तृहरीने वाक्यपदीयात अर्थ निश्चित करणाऱ्या अशा साधनांची यादीच दिली. त्यात साहचर्य आहे, विरोधिता आहे: लक्ष्मणासोबत आला तर राम म्हणजे दाशरथी, अर्जुनाशी वैर असलेला आला तर परशुराम आणि तो अर्जुन कार्तवीर्य. न्यायशास्त्राने याची दुसरी बाजू पाहिली. 'नवकंबल' असलेला मुलगा म्हटले, नव्या घोंगडीचा अशा अर्थाने; प्रतिवादी 'नव' म्हणजे नऊ असे धरून म्हणतो, याच्याजवळ तर एकच घोंगडी दिसते. याला वाक्छल म्हणतात, आणि वादात ते दोषास्पद ठरवले आहे.

मात्र या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत आहे: धनी आणि सेवक एकाच भाषेत उभे आहेत. सेवकाला दोन्ही अर्थ ठाऊक आहेत, म्हणून तो निवडू शकतो. दिल्लीतल्या मराठी माणसाला एकच अर्थ ठाऊक असतो आणि समोरच्याला दुसराच. निवडण्याची वेळच येत नाही. अशा वेळी प्रकरण मदतीला येते ते फक्त अर्थ प्रसंगात बसेनासा झाला तर. मेट्रोत 'यह सीट खाली है?' ऐकून नवखा माणूस खाली पाहील, पण घोटाळा तिथेच उघडा पडून मिटेल. वरिष्ठ अधिकारी म्हणाले, 'आपकी चेष्टा देख रहा हूँ', तर मिटत नाही. त्यांनी प्रयत्नांची दखल घेतली. ऐकणाऱ्याला वाटते, आपली थट्टा चालली आहे हे साहेबांनाही दिसते आहे. दोन्ही अर्थ त्या खोलीत नीट बसतात. सरकारी शिबिरात कारकून विचारतो, 'समाधान हुआ?' त्याला अडचण सुटली का ते हवे आहे. मराठी माणूस आपल्या मनाला विचारतो आणि नाही म्हणतो. कारकून काम प्रलंबित लिहितो, माणूस मनात खट्टू होऊन परततो, आणि आपण दोन वेगळ्या प्रश्नांवर बोललो हे कुणालाच कळत नाही.

या संग्रहामागचा माझा आग्रह एवढाच आहे. ज्या शब्दाचा दुसरा अर्थही प्रसंगात बसतो, तोच खरा धोक्याचा. गमतीचे म्हणून जे सांगितले जातात ते बहुतेक निरुपद्रवी असतात. ज्यांच्यावर कुणी हसत नाही अशांची नोंद आधी व्हायला हवी.

हुलकावणीची गोष्ट करायची तर गुरुग्राम. २०१६ मध्ये गुडगावचे हे नाव अधिकृत झाले, आणि हे गाव पांडवांनी द्रोणाचार्यांना दिले अशी तिथली आख्यायिका आहे. त्याच द्रोणांचा शेवट महाभारतातल्या सर्वांत प्रसिद्ध एकीवोकोने झाला. अश्वत्थामा नावाचा हत्ती भीमाने मारला, पुत्र गेला का हे द्रोणांनी धर्मराजाला विचारले, आणि त्याने नाव मोठ्याने सांगून हत्तीचा उल्लेख पुटपुटला. वाक्य खरे होते. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ तरीही खाली आला. व्यासांनी इथे वाक्याच्या खरेपणापेक्षा ऐकणाऱ्याने काय समजावे या हेतूचे माप लावले, आणि खोट्याच्या कसोट्या मांडणाऱ्या कोणत्याही तत्त्वज्ञाला हे पान टाळता येणार नाही. मराठीने यातून 'नरो वा कुंजरो वा' हा वाक्प्रचार घेतला, पण त्याची धार थोडी कमी केली. आपण तो फसवणाऱ्यापेक्षा ठाम न बोलणाऱ्याला लावतो.

आणि श्लेषासाठी पानिपत. तो जिल्हाही आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना वाटेत कळली ती सावकारी भाषेत: दोन मोती गेले, मोहरा हरवल्या, रुप्या-तांब्याची तर मोजदादच नाही. बाहेरच्याला हा पेढीचा तोटा. आतल्याला सदाशिवरावभाऊ, विश्वासराव आणि हजारो माणसे. इथे दोन अर्थ हेतूने ठेवले गेले आणि ज्याच्यासाठी ते होते त्याला एकच कळला. पुढे भाऊंच्या मृत्यूविषयीचा संशय इतका टिकला की त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानले नाही, आणि भाऊंचे नाव लावणाऱ्या तोतयाने बंड उभारले. ते १७७६ मध्ये मोडले गेले आणि त्याला देहदंड झाला. एका नावाची दोन माणसे, असा हा एकीवोको. पण मराठी बोलीत राहिला तो वेगळाच. 'माझ्यावर विश्वास ठेव' असे कुणी म्हटले की उत्तर येते, 'विश्वास गेला पानिपतात'. सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलाचे नाव आणि मनातला भरवसा हे दोन्ही या एका शब्दात सारख्याच वजनाने उभे आहेत. अडीचशेहून अधिक वर्षे लोक हे वाक्य बोलत आले. हसण्यावारी नेलेल्या या वाक्यात केवढा शोक साठवला आहे, हे पानिपताला गेल्याशिवाय मला नीट जाणवले नव्हते.

संग्रहाची रचना अकारविल्हे केलेली नाही. घर, कचेरी, दवाखाना, शाळा, न्यायालय आणि नाती, असे प्रसंगांनुसार गट केले आहेत, कारण शब्दकोश उघडायला वेळ मिळेल अशा ठिकाणी हे शब्द भेटत नाहीत. प्रत्येक गटात संदर्भाने न सुटणारे शब्द आधी घेतले आहेत. नोंदीत एक हिंदी वाक्य, त्याचा तिथला अर्थ, मराठी कानाला होणारा अर्थ, आणि शंका येताच समोरच्याला विचारता येईल असा एक साधा हिंदी प्रश्न दिला आहे. 'संशोधन'खाली तो असा आहे: 'आप इसमें बदलाव की बात कर रहे हैं, या इस पर शोध की?'